बसल्याचा आवाज

१

आधी शपथ घेतो. पुढे सांगतोय ती गोष्ट शंभर टक्के खरी आहे. जिच्यावर ती ओढवली त्या बाईंनी ती मला समोर बसवून सांगितली आणि मी तिच्यात तिळाएवढीही भर घातलेली नाही.

आता, समोर बसवून असं काही नव्हतं. आम्ही एका बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो आणि बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. भरीचं म्हणाल, तर एका ठिकाणी घातली आहे. कुठे ते शेवटी कबूल करीन. माझी बायको म्हणते, तुमच्या गोष्टीत खोटं शोधत बसण्यापेक्षा खरं शोधावं, काम लवकर उरकतं. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

बाईंचं वय पस्तीस-छत्तीस. थोरला भाऊ तिला तळटीप म्हणायचा. उंचीने बेताची, आणि कुणी काहीही बोललं की खालून आपली एक पुरवणी जोडणार, म्हणून तळटीप. नऊ वर्षं तिने कोर्टात काळा कोट मिरवला, मग एके दिवशी तो खुंटीला लावला आणि गाव सोडून दूरच्या एका विद्यापीठात कायद्याच्या संशोधनाच्या पदवीला नाव घातलं. दोन वर्षांचा अभ्यास, शेवटी प्रबंध.

ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एका ओळीत पाच अभ्यासखोल्या होत्या. खोल्या म्हणजे प्लायवूडच्या भिंतींची खोकीच. आत एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा. चार नंबर तिचा. एक ते तीनमध्ये परीक्षेच्या दिवसांत मुलं झोपायला यायची, एरवी कुणी नसायचं. पाच नंबरला कुलूप होतं. सकाळी दहाला ती शिपायाला म्हणायची, "किल्ली द्या." संध्याकाळी साडेपाचला म्हणायची, "ही घ्या किल्ली." दिवसभरात तेवढीच दोन वाक्यं. डब्याचं झाकण घट्ट बसलेलं असलं तर त्याला "उघड की बाबा" म्हणायची, ते तिसरं. राहायची गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका खोलीत, एकटी. रविवारी भावाचा फोन यायचा. तेव्हा पहिल्या दोन वाक्यांना आवाज फुटायचा नाही. घसा खाकरून घ्यावा लागायचा.

२

तिने निवडलेला विषय असा: एखाद्या माणसाची सात वर्षं कुणालाच काही खबर नसेल, तर तो मेला असं कायदा धरून चालतो. जवळच्यांनी अर्ज करायचा, शपथेवर सांगायचं की ना पत्र, ना फोन, ना कुणाच्या हाती निरोप. कोर्टाची खात्री पटली की कागद मिळतो. हाच विषय का, ते मार्गदर्शक सरांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. सांगण्यासारखं एवढंच होतं, की साडेसहा वर्षांपूर्वी तिचे वडील चष्म्याची काडी बसवून आणतो म्हणून बाहेर पडले होते.

सर पहिल्याच भेटीत म्हणाले, "छापलेले निकाल वाचून संशोधन होत नाही. निकाल म्हणजे शिजवून, चाळून, गाळून घेतलेलं. तू कच्चं वाच. साक्षीदारांचे जबाब वाच."

वरच्या कोर्टाची एक जुनी इमारत रिकामी करताना अशा अपिलांच्या एकशे बारा फाईली विद्यापीठाकडे आल्या होत्या. निरनिराळ्या गावांतल्या, साठ-सत्तर वर्षांच्या अंतरातल्या. ती रोज दोन-तीन सोडायची आणि एका लांबलचक तक्त्यात भरायची. बेपत्ता कोण, अर्ज कुणाचा, शेवटचा कुठे दिसला, साक्षीदार कोण, निकाल काय. शेवटचा रकाना सरांनी वाढवायला लावला: कोर्टाने न मानलेले साक्षीदार. "कोर्ट ज्याच्यावर विश्वास ठेवत नाही, तिथेच संशोधकाचं पोट भरतं," असं त्यांचं म्हणणं.

एकतिसाव्या फाईलीत शिवणकाम करणारी एक बाई भेटली. तिच्या शेजारच्या खोलीतले मास्तर बेपत्ता होते. जबाबात ती म्हणाली, खोली रिकामी आहे, पण गेलं दीड वर्ष दुपारी मास्तर येऊन बसतात ते मला ऐकू येतं. खुर्ची ओढतात, बसतात.

वकिलाने विचारलं, "मग उठतात कधी?"

"उठल्याचं कधी ऐकलं नाही."

"म्हणजे दीड वर्ष मास्तर बसूनच आहेत?"

"रोज बसतात. उठल्याचं ऐकलं नाही."

कोर्टाने एका ओळीत बाईला बाजूला सारलं: साक्षीदार नात्यातली नाही आणि भरवशाची नाही. तळटीप मोठ्याने हसली. सांगायला कुणी नव्हतं म्हणून तिने हे डब्याच्या झाकणाला सांगितलं.

चव्वेचाळिसाव्या फाईलीत एक तारमास्तर. दुसरं गाव, बावीस वर्षांनंतरची गोष्ट. बेपत्ता त्याचा भाडेकरू. बसल्याचा आवाज येतो, उठल्याचा येत नाही. मग एक विधवा नर्स. मग एक गवंडी. एकशे बारापैकी नऊ. कुणाचा कुणाशी संबंध नाही, आणि नऊच्या नऊ जणांचं एकच म्हणणं.

नवव्या वेळी ती हसली नाही. आधी तिला वाटलं, पढवलेले साक्षीदार असणार. तसले तिने नऊ वर्षं पोत्याने पाहिले होते. पण पढवलेला साक्षीदार कुणाच्या तरी फायद्याचं बोलतो. हे नऊ जण कुणाच्याच फायद्याचं बोलत नव्हते. आणि फाईल तर निकालाशी संपते. शिक्का बसला, दोरी बांधली, खलास. त्यानंतर त्या खोल्यांतून काय ऐकू आलं, हे कुठल्याच फाईलीत नव्हतं.

३

"तळटीप, आहेस का अजून?" रविवारी दादाचा फोन.

"आहे." मग घसा खाकरून, "आहे रे. बोल."

"आणखी चार महिन्यांनी सात वर्षं भरतात. अर्ज तयार करून ठेवतोय. तुला साक्षीला यावं लागेल."

"एवढी घाई कशाला?"

"घाई? डॉक्टर काय म्हणाले ऐक. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डावा गेल्यात जमा आहे, आणखी थांबलो तर उजवाही हाताचा जाईल. आणि ऑपरेशनचं नाव काढलं की आई म्हणते, डोळ्यांवर पट्टी असताना ते आले तर दार कोण उघडणार?"

"तू आहेस की उघडायला."

"मी उघडलेलं चालत नाही. काल मी गोड बोलून बाबा आता नाहीत असं सांगायला गेलो, तर म्हणाली, तुम्हा पोरांच्या तोंडचं मी मानणार नाही. कोर्टाचा कागद आणा. शिक्का असेल तर मानीन."

यात आईचा दोष नव्हता. बाबा कोर्टात बेलिफ होते. तीस वर्षं लोकांच्या दारात समन्स पोचवत हिंडले. दडी मारून बसलेली भलीभली माणसं त्यांनी हुडकून काढली. त्या घरात शिक्क्याच्या कागदापुढे कुणी ब्र काढत नसे. दादा कधी कधी म्हणायचा, सगळ्या गावाला शोधून काढलं आणि स्वतः असे दडले की कुणाच्या बापाला सापडणार नाहीत. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन गप्प व्हायचा.

परक्याच्या घरी मिळेल त्या खुर्चीत बसायचं, म्हणून बाबांना एक सवय लागलेली. बसण्याआधी खिशातला रुमाल काढून खुर्चीवर दोन फटके मारायचे. फट, फट. मग खुर्ची ओढायची, मग बसायचं. घरच्या खुर्चीचीही त्यातून सुटका नव्हती. आई म्हणायची, तिने काय गुन्हा केलाय?

"येईन मी," तळटीप म्हणाली.

"येशीलच. वकील आहेस, मुलगी आहेस. तुझ्या शब्दाला वजन आहे." मग दादाने विचारलं, "तिकडे कुणाशी बोलतेस की नाही?"

"बोलते की. रोज दोन वाक्यं."

त्याला तो विनोद वाटला आणि तो हसला.

४

त्यानंतरच्या बुधवारी, दुपारी पावणेतीनला, पाच नंबरच्या खोलीतून आवाज आला.

फट, फट.

मग लाकडी पाय फरशीवरून ओढल्याचा. मग वेत ताणल्यासारखी एक करकर, माणसाचं वजन खुर्चीत उतरावं तशी. मग काही नाही.

तळटीपचा हात तक्त्याच्या मधोमध थांबला. तिने वकिली डोकं चालवलं. शिपाई असेल. उंदीर असतील. खालच्या मजल्यावरचा आवाज पाइपातून वर येत असेल. आठवडाभर दिवसरात्र तेच जबाब वाचल्यावर आणखी काय ऐकू येणार? सगळे मुद्दे बिनतोड होते. नऊपैकी सात फाईलींत वकिलांनी हेच मुद्दे मांडले होते.

साडेपाचपर्यंत ती कान देऊन बसली. उठल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी ती ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी गेली. "पाच नंबरमध्ये कोण बसतं?"

"पाच नंबरमध्ये मोडक्या खुर्च्या बसतात," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मोडलेल्या वस्तूंची यादी वर पाठवून तीन वर्षं झाली. तिच्यावर सही करणारा साहेबच मोडीत निघाला."

"मला जरा दाखवाल?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. काय दिसलं कुणास ठाऊक, पण जास्त काही न विचारता त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठल्या. कुलूप गंजलेलं. दोघींनी मिळून दार ओढलं, तर आत जमिनीपासून छतापर्यंत खुर्च्या. एकीत एक अडकवलेल्या, पाय वर, पाठी खाली, कुणाला हात नाही, कुणाची बैठक फाटलेली. वर बोटभर धूळ. बसणं सोडा, मांजराला उभं राहायला जागा नव्हती.

"झालं समाधान?" बाई म्हणाल्या. मग किंचित मऊ आवाजात, "दुपारी खाली येत जा चहाला. मी एकटीच असते."

"येईन," तळटीप म्हणाली. ती गेली नाही. चहाची वेळ पावणेतीनची होती.

५

पुढच्या काही आठवड्यांत तिने शास्त्रशुद्ध पद्धतीने नोंद ठेवली. तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ. तिसरा रकाना कोराच राहिला.

मग एका दुपारी, का ते तिचं तिलाच माहीत नाही, ती एक जबाब मोठ्याने वाचू लागली. नर्सबाईंचा. वाचून थांबली, तर भिंतीपलीकडे करकर झाली, एकदाच. कान देऊन ऐकणारा माणूस जरा पुढे सरकतो ना, तशी.

तेव्हापासून ती रोज वाचायची. आधी जबाब, मग स्वतःच्या प्रबंधाची प्रकरणं, मग इकडचं तिकडचं. घराचं भाडं वाढलं, चप्पल तुटली, आईचा डोळा. पावणेतीन ते साडेपाच. रविवारी दादाचा फोन आला की आता घसा खाकरावा लागत नसे. दादा म्हणाला, "आवाज सुधारला तुझा. मैत्रीण वगैरे मिळाली वाटतं." ती म्हणाली, "मिळाली." आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदा तिला भीती वाटली. आवाजाची नाही. आवाज नसता तर काय, याची.

एक गोष्ट मात्र तिने एकदाही केली नाही. भिंतीकडे तोंड करून बाबा अशी हाक मारली नाही. कागदावर अजून काहीच नव्हतं, हाक मारायला कसलीच आडकाठी नव्हती. पण हाक मारली आणि उत्तर आलं, तर अर्जाचं काय, आणि आईच्या डोळ्याचं काय?

तिसरं प्रकरण घेऊन ती सरांकडे गेली. सरांनी पानं चाळली, नऊ साक्षीदारांपाशी थबकले. "हे काय?"

"न मानलेले साक्षीदार. तुम्हीच रकाना दिला होता."

"दिला होता. आता काढून घेतो. गाळ हे."

"नऊच्या नऊ जण एकच सांगतात, सर."

"सांगणारच. तुझाच तक्ता नीट बघ." त्यांनी पेन्सिलीने साक्षीदारांच्या रकान्यातून रेघ ओढत नेली. "शिवणकाम, राहणार एकटी. तारमास्तर, एकटा. नर्स, एकटी. गवंडी, घरचं कुणी नाही. नऊच्या नऊ. अगं, एकट्या माणसाला शेजार लागतो. नसला तर तो आतून तयार होतो. कोर्टाला हे ठाऊक असतं, म्हणून कोर्ट त्यांना हळूच बाजूला ठेवतं. तूही ठेव." मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "तू कुणाबरोबर राहतेस?"

"मैत्रिणीबरोबर," तळटीप म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने नऊ जणांना प्रकरणातून काढलं. संशोधनात याला पाप म्हणतात, पण सोयीचं पाप म्हणतात. काढताना तिने नेहमीसारखं मोठ्याने वाचलं नाही. पलीकडून करकरही आली नाही.

६

सात वर्षं भरली. अर्ज लागला. ती गावी गेली.

कोर्टातली खोली तिच्या ओळखीची, पिंजरा मात्र आतून कधी पाहिलेला नव्हता. समोरच्या बाकावर दादा आणि त्याच्या शेजारी आई. आई हसून मान हलवत होती, पण तिची नजर पिंजऱ्याकडे नव्हती. दोन हात डावीकडे कोर्टाचा कारकून उभा होता, त्याच्याकडे बघून ती हसत होती. तिला तोच आपली लेक वाटला होता.

"या सात वर्षांत तुमच्या वडिलांची कुठल्याही मार्गाने काही खबर तुम्हाला लागली?"

साधा प्रश्न. तिने स्वतः कितीदा दुसऱ्यांना विचारलेला. हो म्हणावं, तर काय होईल तेही तिला पाठ होतं. एक ओळ. साक्षीदार नात्यातली आहे, पण भरवशाची नाही. आणि अर्ज पुढच्या तारखेला, आणि उजवा डोळा.

आई कारकुनाकडे बघून मान हलवत होती.

"नाही," तळटीप म्हणाली.

कागद पंधरा दिवसांत मिळाला. आईने शिक्का बोटांनी चाचपला, दोनदा, तीनदा. रडली नाही. म्हणाली, "बरं. मग कधी करायचं ते ऑपरेशन?" डॉक्टरांनी परवाची वेळ दिली. दादाने तळटीपला थांबायचा आग्रह केला, पण प्रबंधाची मुदत डोक्यावर होती. निदान तिने तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिसऱ्या मजल्यावर हजर.

"किल्ली द्या."

७

पावणेतीन वाजले. फट, फट. खुर्ची. करकर.

ती भिंतीकडे पाठ करून बसली. वाचायला तोंड उघडेना. काय वाचणार? कागदाची एक प्रत तिच्या पिशवीत होती.

तीन वाजले. सव्वातीन. आणि मग, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, पलीकडे खुर्ची मागे सरकली.

वेत सैल पडल्याची करकर. गुडघ्यावर हात टेकून उठताना म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून निघतो तो हुंकार. मग पावलं. दार उघडल्याचा आवाज नाही, फक्त पावलं, पाच नंबरवरून चार नंबरसमोर. तिच्या दाराच्या काचेवर एक सावली आली, क्षणभर थांबली, आणि पुढे सरकली.

ती उठून दारात आली तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला, फाईलींच्या कपाटांपलीकडे, एक पाठ दिसली. जरा वाकलेली, डावा खांदा खाली, खांद्याला कागदांची पिशवी. पत्ता शोधत चालल्यासारखी, प्रत्येक दाराचा नंबर बघत, जिन्याकडे. हातात रुमाल.

हाक मारायला दोन अक्षरं पुरली असती. त्या व्हरांड्यात तर आवाज खूप लांब जायचा. तिने तोंड उघडलंही. पण हाक मारली आणि ते वळले, तर शपथ खोटी, कागद खोटा. आई उद्या सकाळी आठला टेबलावर असणार होती.

तळटीप चार नंबरच्या चौकटीला धरून उभी राहिली. पाठ जिन्यापाशी पोचली, आणि एक एक पायरी खाली जात कमी होत गेली. आधी पिशवी गेली, मग खांदे, मग डोकं.

आईचं ऑपरेशन झकास झालं. आता ती पेपर वाचते.

८

आता कबुलीचं.

सहावा भाग खरा आहे, शेवटी ती तिसऱ्या मजल्यावर जाऊन किल्ली मागते तेवढं सोडून. कागद खरा, डोळा खरा, कोर्टातलं "नाही" तर अक्षरन् अक्षर खरं. खोटा आहे तो सातवा. त्यातली पावणेतीनची वेळसुद्धा. बाई त्या दिवशी त्या खोलीत बसल्याच नव्हत्या.

प्रबंध बांधायला टाकून आम्ही दोघं बाइंडरच्या बाहेर बाकावर बसलो होतो. मी माझ्या पुतण्याचा आणला होता. तेव्हा त्यांनी सांगितलं ते एवढंच, की गावाहून परत आल्या त्या सकाळी ग्रंथपालबाईंकडे गेल्या आणि खोली बदलून मागितली. दुसऱ्या मजल्यावरची मिळाली. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला खिडकी, शेजारी कुणीच नाही. तिथे प्रबंध पुरा केला. तिसऱ्या मजल्यावर पुन्हा पाऊल टाकलं नाही. दुपारी सव्वादोनलाच खाली चहाला जाऊन बसायच्या आणि साडेतीनशिवाय उठायच्या नाहीत.

मी विचारलं, "मग पलीकडचे ते उठले का नाही?"

बाई म्हणाल्या, "मला काय माहीत?" आणि नजर समोर ठेवून म्हणाल्या, "खोली अजून तशीच आहे म्हणतात. यादीवर सही झालेली नाही."

मी घरी आलो. जेवण गेलं नाही. सारखं डोळ्यांपुढे येत होतं, ते तिथे त्या मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात बसून आहेत, कुणी वाचून दाखवायला नाही, आणि रोज पावणेतीन वाजताहेत. मुलीने उठवायचं, तिला ते जमलं नाही. तिला नावं ठेवणारा मी कोण?

म्हणून मी त्यांना उठवलं, आणि जिन्यापर्यंत सोडून आलो.